माकड आणि भुंगा: पाठ कुठली, पोट कुठलं?

दोन प्राण्यांची तुलना करा म्हटलं की आपण वहीत दोन रकाने आखतो. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. पाय किती, दात आहेत का, अंडी की पिल्लं, खातो काय, राहतो कुठे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रकाने भरतात, मार्कही मिळतात, पण त्या प्राण्यांबद्दल मुलांना नवं काही कळलेलं नसतं, हे मी दरवर्षी पाहते. माकडाला दोन हात नि दोन पाय, भुंग्याला सहा पाय. बरं, मग पुढे? माकडाचा कुठला भाग भुंग्याच्या कुठल्या भागाशी जुळवायचा हे ठरल्याशिवाय तुलना खऱ्या अर्थानं सुरूच होत नाही. आणि हे ठरवायला विज्ञानाला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली.

ती हकिगत सांगायची आहे, म्हणून मुद्दाम एकमेकांपासून फार लांबचे दोन प्राणी घेते. पुणेकरांच्या मात्र दोघेही पाहण्यातले आहेत.

पहिलं आपलं गुलाबी-लालसर तोंडाचं माकड. भीमाशंकरला देवळाच्या वाटेवर पिशवी ओढतं ते, वरंध घाटात कठड्यावर बसलेलं असतं ते. डोक्यावरचे केस मध्यापासून चहूबाजूंनी पसरलेले, टोपी घातल्यासारखे, म्हणून त्याला टोपी माकडही म्हणतात. काळ्या तोंडाचं, लांबलचक शेपटीचं वानर वेगळं. या माकडाचं शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. जगात फक्त दक्षिण भारतात सापडतं आणि पश्चिमेकडे त्याची उत्तर सीमा साधारण तापी नदीपर्यंत मानली जाते. नराचं वजन साडेपाच ते नऊ किलो, मादीचं चार किलोच्या आसपास.

दुसरा गेंडा भुंगा, ओरिक्टीस ऱ्हायनोसेरॉस. काळा-तपकिरी, चकचकीत, साडेतीन ते पाच सेंटिमीटर लांब, डोक्यावर मागे वळलेलं एक शिंग. नराचं शिंग लांब, मादीचं आखूड. पावसाळ्यात रात्री जिन्यातल्या दिव्यावर येऊन धाडकन आपटतो आणि उताणा पडून पाय झाडत राहतो, तो. नारळ असलेल्या घरांना तो चांगलाच माहीत असतो, कारण तो माडाच्या शेंड्यात भोक पाडून कोवळी पानं चावतो आणि रस पितो. घडीत असलेलं पान एका जागी कुरतडलं जातं, आणि पुढे ते उलगडलं की त्यावर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. असा काप दिसला की गेंडा भुंगा येऊन गेला हे नक्की.

या दोघांचा शेवटचा सामाईक पूर्वज किमान ५५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात होता. तेव्हा जमिनीवर ना झाडं होती ना प्राणी. म्हणजे माकड आणि मासा यांचं नातं जितकं जवळचं, तितकंही माकड आणि भुंगा यांचं नाही.

अळी हातावर घेतली तर

भुंग्याचं शरीर समजून घ्यायचं तर त्याच्या अळीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यावर कवच नसतं आणि बरंच काही उघड दिसतं. ओला कचरा जिरवणाऱ्या आपल्या सोसायट्यांमध्ये खताचा खड्डा उपसला की जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या निघतात. पूर्ण वाढलेली गेंडा भुंग्याची अळी सरळ केली तर सहा ते दहा सेंटिमीटर भरते. ती तळहातावर कुशीवर ठेवा. तपकिरी, टणक डोकं. त्यामागे छातीला सहा पाय. शरीराचा मागचा भाग फुगीर आणि आतून काळपट, कारण तिथे अर्धवट कुजलेला पालापाचोळा भरलेला असतो. आता कडेला बघा. दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपक्यांची एकेक ओळ दिसेल, एक ठिपका छातीवर आणि पुढे पोटावर आठ.

ते ठिपके म्हणजे तिचं नाक म्हणायचं तर म्हणा. ती श्वासरंध्रं आहेत. प्रत्येक रंध्रातून एक नळी आत जाते, तिला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी बारीक फाटे, आणि ते थेट पेशींपर्यंत पोचतात. हवा नळ्यांमधूनच सगळीकडे जाते. त्यामुळे भुंग्याला फुप्फुसं नाहीत आणि त्याच्या रक्तावर प्राणवायू वाहण्याची जबाबदारीही नाही. म्हणून ते लाल नसतं. माकडात नेमकं उलटं: हवा एका ठिकाणी, फुप्फुसात, रक्ताच्या स्वाधीन केली जाते आणि पुढचं सगळं काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं.

दुसरा मोठा फरक सांगाड्याचा. माकडाची हाडं आत आणि स्नायू बाहेरून त्यांना जोडलेले. भुंग्याचं कवच बाहेर आणि स्नायू आतून त्याला जोडलेले. हाड जिवंत असतं, माकडाबरोबर वाढतं. कवच एकदा कडक झालं की वाढत नाही. शाळेचा गणवेश आखूड झाला की नवा शिवावा लागतो, तसं अळीला जुनी कात टाकून नवी, मोठी कात तयार करावी लागते. पूर्ण भुंगा झाल्यावर तर तेही बंद. दिव्यावर आलेला छोटा भुंगा म्हणजे मोठ्या भुंग्याचं पिल्लू नव्हे. तो तेवढाच राहणार. अळी असताना पोट भरलं नाही की भुंगा लहान निघतो, इतकंच.

इथे ताकदीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण गेंडा भुंगा स्वतःच्या वजनाच्या ८५० पट ओझं उचलतो असा मजकूर मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतोय आणि मुलं तो उत्तरपत्रिकेत लिहितात. १९९६ साली रॉजर क्रॅम या संशोधकानं गेंडा भुंग्याच्या एका भाऊबंदाच्या पाठीवर खरोखर वजनं ठेवून मोजमाप केलं. तो भुंगा स्वतःच्या तीसपट ओझं घेऊन अर्ध्या तासाहून जास्त चालला. शंभरपटीच्या आसपास त्याची मर्यादा येत होती. तीसपटही थक्क करणारंच आहे, त्याला फुगवायची गरज नाही. आणि यामागे भुंग्याचं काही खास सामर्थ्य नाही, साधी भूमिती आहे. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची सगळी दुप्पट केली तर वजन आठपट होतं. स्नायूची ताकद मात्र त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि ते चारपटच होतं. म्हणजे प्राणी मोठा होत गेला की वजनाच्या मानानं दुबळा पडत जातो. माकडाएवढा भुंगा बनवला तर तीसपट ओझं घेऊन चालणं त्याला जमणार नाही.

त्याला श्वासही पुरणार नाही. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चार वेगवेगळ्या आकारांच्या भुंगेऱ्यांच्या जाती क्ष-किरणांखाली पाहिल्या. जात जितकी मोठी, तितकी तिच्या शरीरातली जास्त टक्के जागा श्वासनळ्यांनी व्यापलेली. एका मर्यादेनंतर, विशेषतः पाय जिथे शरीराला जोडलेले असतात त्या अरुंद जागी, नळ्यांना वावच उरत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता, तेव्हा चतुरासारखे दिसणारे, पंख पसरले तर पाऊण मीटरच्या आसपास भरतील असे कीटक होते. या दोन गोष्टींचा संबंध असावा असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं.

उताणी शेवंड

आता मूळ प्रश्न. माकडाची पाठ आणि भुंग्याची पाठ ही एकच गोष्ट आहे का?

प्रश्न वेडगळ वाटेल. पाठ म्हणजे वरची बाजू, यात विचारायचं काय? पण आत डोकावून पाहा. माकडाच्या पाठीत मज्जारज्जू आहे, त्याच्या खाली अन्नमार्ग आणि पोटाच्या बाजूला, छातीत पुढे, हृदय. भुंग्यात मुख्य चेतातंतू पोटाच्या बाजूला, पायांच्या जवळून जातो. मध्ये अन्नमार्ग. आणि हृदय, म्हणजे रक्त पुढे ढकलणारी एक लांब नळी, चक्क पाठीत. सगळा क्रम वरखाली झालेला.

हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं एतिएन जॉफ्रुआ सँ-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं. नेपोलियनबरोबर १७९८ साली इजिप्तला गेलेल्या विद्वानांपैकी हा एक. त्यानं १८२२ साली शेवंड (लॉबस्टर) चिरली आणि तिचं चित्र उताणं छापलं. पाय वर, पाठ खाली. तशी ठेवल्यावर चेतातंतू वर, अन्नमार्ग मध्ये आणि हृदय खाली, अगदी कणा असलेल्या प्राण्यासारखं. त्याचं म्हणणं असं, की कीटक, शेवंडी, खेकडे आणि आपण यांच्या शरीराचा आराखडा एकच आहे, फक्त एक गट दुसऱ्याच्या मानानं उलटा झालेला आहे.

मला या माणसाबद्दल विशेष ओढ वाटण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या भीमाशंकरच्या माकडाला रेडिएटा हे शास्त्रीय नाव १८१२ साली त्यानंच दिलं. दहा वर्षांच्या अंतरानं एकाच माणसानं या माकडाला नाव दिलं आणि कवचधारी प्राण्यांशी त्याचं नातं कसं शोधायचं याचा रस्ताही दाखवला. आपण हे दोन प्राणी कधीतरी शेजारी ठेवू, हे त्याच्या मनातही नसणार.

त्या काळात मात्र त्याची टर उडाली. पॅरिसमध्ये त्याचा सहकारी जॉर्ज क्युव्हिए हा त्या काळचा सर्वांत वजनदार प्राणिशास्त्रज्ञ. क्युव्हिएनं प्राणिसृष्टीचे चार स्वतंत्र गट पाडले होते आणि एका गटाच्या आराखड्याचा दुसऱ्याशी संबंध नाही हे त्याचं ठाम मत. १८३० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोघांचा जाहीर वाद रंगला. निमित्त होतं माकूळवर्गी प्राण्यांवरच्या एका निबंधाचं. पुरावे, मांडणी, वक्तृत्व, सगळ्यांत क्युव्हिए वरचढ ठरला. उताणी शेवंड पुढे शतकभराहून जास्त काळ गमतीचा किस्सा म्हणून सांगितली गेली.

ती परत आली १९९० च्या दशकात, आणि आली ती सुरी घेऊन चिरफाड करणाऱ्यांकडून नव्हे. गर्भाची वाढ होताना कुठल्या पेशींनी पाठ व्हायचं आणि कुठल्या पेशींनी पोट, हे कोण ठरवतं, याचा शोध चालू होता. फळमाशीच्या गर्भात डीपीपी नावाचं प्रथिन पाठीच्या बाजूला जास्त असतं. पोटाच्या बाजूला सॉग नावाचं दुसरं प्रथिन त्याला अडवतं. जिथे अडवलं जातं, तिथे चेतासंस्था तयार होते. आता बेडकाचा गर्भ घ्या. तिथे डीपीपीचा सख्खा भाऊ शोभावा असं बीएमपी-४ हे प्रथिन पोटाच्या बाजूला, आणि त्याला अडवणारं, सॉगशी मिळतंजुळतं कॉर्डिन हे प्रथिन पाठीच्या बाजूला. इथेही जिथे अडवणूक होते तिथेच मज्जारज्जू तयार होतो.

म्हणजे दोन्हीकडे तेच अडवणारं, तेच अडवलं जाणारं, परिणामही तोच. फक्त पाठीपोटाची अदलाबदल. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी माशीचं सॉग बेडकाच्या गर्भात घालून पाहिलं. त्यानं बेडकाच्या कॉर्डिनचं काम केलं, जिथे घातलं तिथे पाठीकडचे अवयव तयार व्हायला लागले. ५५ कोटी वर्षांहून जुनी फारकत, आणि एकाचा निरोप दुसऱ्याला अजून कळतो! हा प्रयोग वर्गात सांगताना अंगावर काटा येतो, अजूनही.

१९९६ मध्ये एडी डी रॉबर्टिस आणि योशिकी सासाई यांनी हे सगळं एकत्र मांडलं आणि जॉफ्रुआच्या कल्पनेला आधुनिक आधार मिळाला. माकड बेडकासारखंच कणा असलेल्या प्राण्यांतलं, भुंगा माशीसारखाच कीटकांतला, तेव्हा ही अदलाबदल आपल्या जोडीलाही लागू आहे. मग तुलनेचा पहिला नियम असा होतो: माकडाची पाठ भुंग्याच्या पोटाशी जुळवायची. दिव्याखाली उताणा पडलेला भुंगा माकडाशी जुळवायला अगदी योग्य स्थितीत असतो.

अर्थात वाद मिटलेला नाही. ही रासायनिक व्यवस्था प्राचीन आणि सामाईक आहे याबद्दल दुमत नाही. पण त्या पूर्वजाला एकच ठसठशीत चेतातंतू होता, की साधं विखुरलेलं जाळं होतं आणि दोन्ही बाजूंनी पुढे आपापली चेतासंस्था स्वतंत्रपणे घडवली, यावर अजून मतभेद आहेत. २०१८ साली वेगवेगळ्या समुद्री कृमींच्या अभ्यासातून दुसऱ्या बाजूला बळ मिळालं. मला हा मतभेद महत्त्वाचा वाटतो. मुलांना वाटतं पुस्तकात छापलं म्हणजे विषय संपला.

हृदयाचीही अशीच गोष्ट. माशीतलं टिनमन नावाचं जनुक काढून टाकलं तर गर्भात हृदयच तयार होत नाही. सस्तन प्राण्यांत त्याचं भावंड जनुक आहे आणि माणसात त्यात बिघाड झाला तर जन्मजात हृदयदोष होऊ शकतो, हे १९९८ मध्ये दिसून आलं. भुंग्याच्या पाठीतली नळी आणि माकडाच्या छातीतलं चार कप्प्यांचं हृदय दिसायला कितीही वेगळी असली, तरी त्यांची सुरुवात करून देणारा आदेश एकाच घराण्यातला.

आणि डोळे. माकडाचे दोन्ही डोळे समोर, प्रत्येकाला एक भिंग, तीन प्राथमिक रंग ओळखणारे, पिकलेलं फळ पानांतून हेरायला उपयोगी. भुंग्याचा डोळा पुष्कळ बारीक भिंगांचा. गेंडा भुंगा निशाचर, म्हणून त्याच्या डोळ्याची रचना अशी, की अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एकाच जागी गोळा होतो आणि मिट्ट अंधारात थोडं तरी दिसतं. इतके वेगळे डोळे स्वतंत्रपणे निर्माण झाले असं कुणीही म्हणेल. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराचं पॅक्स-६ हे जनुक फळमाशीच्या शरीरात भलत्याच जागी चालू केलं गेलं. माशीच्या पायावर, पंखावर डोळे उगवले. गंमत अशी की उंदराचं जनुक असूनही ते डोळे माशीचेच होते, बारीक भिंगांचे. जनुकानं फक्त “इथे डोळा कर” इतकंच सांगितलं. कसला डोळा करायचा ते माशीच्या पेशींना माहीत होतं. फळमाशी हा प्राणी किती कामाचा आहे हे पुण्यात बघायचं तर लांब जावं लागत नाही. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत तिच्यावर संशोधन चालतं.

बालपण

शरीराचं झालं. पण मला विचाराल तर या दोघांमधला सगळ्यात खोल फरक बालपणाचा आहे.

माकडीण साधारण साडेपाच महिने गर्भ वाढवते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. बहुतेक पिल्लं पावसाळ्याआधीच्या महिन्यांत जन्मतात. सुरुवातीला ते आईच्या पोटाला घट्ट लोंबकळतं. ती धावली, उडी मारली, तरी सुटत नाही. मादी स्वतः आई व्हायला तीन-चार वर्षं लागतात. गेंडा भुंग्याची मादी पन्नास ते शंभर अंडी घालते, कुजत्या लाकडात, शेणखतात, पालापाचोळ्याच्या ढिगात, आणि जाते. आठ-बारा दिवसांनी अळी निघते, ती अडीच-तीन महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत खातच राहते, मग मातीत घर करून कोषात जाते, आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी थोडं उशिरा, भुंगा बाहेर पडतो. आईची आणि तिची गाठ पडतच नाही.

यात एक साधं गणित आहे. भुंग्यांची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहते असं धरा. मग एका जोडीमागे सरासरी दोनच पिल्लं मोठी होऊन प्रजोत्पादन करतात. शंभर अंडी घातली तर अठ्ठ्याण्णव मेली. माकडिणीलाही सरासरी तितकीच जगवायची आहेत, पण ती आयुष्यभरात मोजकी पिल्लं देते आणि एकेकावर वर्षं खर्च करते. एकानं मृत्यू गृहीत धरून संख्या वाढवली, दुसरीनं संख्या कमी करून राखण वाढवली. यात कोण पुढारलेलं आणि कोण मागासलेलं असं काही नाही. आज भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. वानरकुळातल्या, म्हणजे माकडं, वानरं, लेमूर, आपण, सगळे धरून, पाचशेच्या आसपास.

भुंग्याच्या पद्धतीत एक मोठी सोय आहे, ती सहसा लक्षात येत नाही. अळी कुजका पालापाचोळा खाते, भुंगा माडाचा रस पितो. आई-बाप आणि पोरं एकाच ताटावर कधी बसतच नाहीत, त्यामुळे भांडण नाही. माकडाचं पिल्लू दूध सुटलं की आईच्याच झाडावर, आईच्याच फळांवर येतं. स्पर्धा आहे, पण त्याबरोबर शिकवणीही आहे. कुठलं फळ कधी पिकतं, कुठल्या माणसाजवळ जायचं नाही, टोळीत कोण वरचढ, हे पिल्लू बघून बघून शिकतं. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर मोठे झाले की बहुधा दुसरीकडे जातात, आणि मुलीचं टोळीतलं स्थान बरंचसं आईच्या स्थानावर ठरतं. टोपी माकडांचा एक गुण मला फार आवडतो. इतर कित्येक मकाका जातींच्या मानानं ती एकमेकांना खूप चिकटून बसतात. मोठे नरसुद्धा.

सगळं शिकलेलंच असतं असं मात्र नाही. दक्षिण भारतातल्या प्रयोगांत बिबट्याच्या प्रतिकृती झुडपांआडून दाखवल्या, तेव्हा गडद रंगाच्या प्रतिकृतीपेक्षा ठिपकेवाल्या प्रतिकृतीला माकडं जास्त जोरात दचकली. ठिपक्यांची भीती बरीचशी जन्मतःच मेंदूत असावी. उलट २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदीपूरची माकडं पर्यटकांकडे बघून एक विशिष्ट आवाज काढत हात पुढे करून खाऊ मागताना दिसली. हे नक्कीच माणसांत राहून आलेलं. उत्तर भारतातल्या ऱ्हीसस माकडाच्या, म्हणजे याच्या जवळच्या नातलगाच्या, मेंदूत सुमारे ६४० कोटी चेतापेशी मोजल्या गेल्या आहेत. फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १ लाख ४० हजारांच्या आसपास. गेंडा भुंग्याचं जग वासाचं. त्याच्या मिशांच्या टोकाला पात्यांचा झुबका असतो, आणि नरानं सोडलेल्या गंधावर नर-माद्या दोघंही येतात. शेतकरी कामगंध सापळा लावतात तो याच गंधाच्या आधारावर.

खाण्याचंही एक सांगते, कारण इथे नातं अगदी अनपेक्षित जागी जुळतं. टोपी माकडाच्या गालात पिशव्या असतात. भीमाशंकरला चणे मिळाले की ते भराभर गालात कोंबतं, लांब जाऊन बसतं, आणि मग हाताच्या पाठीनं गाल दाबून एकेक घास तोंडात आणतं. पण तंतुमय पानं पचवायची खास सोय त्याच्याकडे नाही. ती काळ्या तोंडाच्या वानराकडे आहे; त्याच्या जठराला कप्पे असतात आणि तिथे सूक्ष्मजीव पानं आंबवतात. गेंडा भुंग्याच्या अळीच्या आतड्यातही मागच्या भागात अशीच आंबवणारी पिशवी असते, तीच ती काळपट दिसणारी जागा. म्हणजे पचनाच्या या एका बाबतीत वानराचं त्याच्या जवळच्या नात्यातल्या माकडापेक्षा भुंग्याच्या अळीशी जास्त जमतं. पण हे साम्य नात्यातून आलेलं नाही. अडचण सारखी, म्हणून दोघांनी वेगवेगळा शोधलेला उपाय सारखा. पॅक्स-६ मधलं साम्य वारशाचं, आंबवणाऱ्या पिशवीतलं साम्य गरजेचं. तुलना करताना ही दोन साम्यं वेगळी ओळखता आली की निम्मी लढाई जिंकली.

एक पसरतोय, एक आक्रसतंय

गेंडा भुंगा मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियाचा. १९०९ साली सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर तो सामोआ बेटांवर पोचला आणि तिथून पॅसिफिकभर पसरला. मलेशियात १९६३ साली त्याला मारणारा विषाणू सापडला, १९६७ मध्ये तो सामोआत सोडला आणि बऱ्याच बेटांवरचे माड वाचले. मग २००७ मध्ये गुआम आणि २०१३ मध्ये हवाईत भुंग्याचा असा प्रकार पोचला, ज्याच्यावर तो विषाणू नीट चालत नाही. आपल्याकडे मेटारायझियम ही हिरवी बुरशी खतखड्ड्यात वापरतात, ती अळ्यांना मारते.

पण म्हणून सोसायटीत अळ्या निघाल्या की सरसकट मारायला सांगू नका. अळी सपाट जमिनीवर ठेवा आणि चालू द्या. पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली, तर ती फूलभुंग्यांपैकी कुणाची तरी आहे. ती खत करायलाच मदत करते, तिला परत खड्ड्यात ठेवा. कुशीवर वळून किंवा पायांनी धडपडत चालली आणि आवारात नारळ असेल, तर काळजी घ्या: खत वेळच्या वेळी उपसा, जुने कुजके बुंधे पडू देऊ नका.

माकडाचं उलट चाललंय. सगळीकडे दिसतं म्हणून ते खूप आहे असं आपल्याला वाटतं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत टोपी माकड आता ‘असुरक्षित’ या गटात आहे, आणि आपल्या कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे. रस्त्याकडेची मोठी झाडं गेली, डोंगरउतारांवर बांधकामं आली. त्यात उत्तरेकडून ऱ्हीसस माकड खाली सरकतंय. ते आकारानं मोठं, माणसांना अधिक सरावलेलं, आणि शहरांतून पकडलेली ऱ्हीसस माकडं माणसांनीच दक्षिणेकडे नेऊन सोडल्यानंही हे घडलंय. २०११ साली भारतीय संशोधकांनी या सीमेची पाहणी केली, तेव्हा पूर्वी फक्त टोपी माकडं असलेल्या बऱ्याच ठिकाणी ऱ्हीसस पोचलेलं आढळलं.

पुणे जिल्हा या माकडाच्या मुलखाच्या उत्तरेकडच्या भागात येतो. तेव्हा जुन्नर, माळशेज, भीमाशंकरच्या बाजूला जाल तेव्हा माकडाच्या शेपटीकडे बघा. टोपी माकडाची शेपटी जवळजवळ शरीराइतकी किंवा त्याहूनही लांब असते. ऱ्हीससची त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्याच्या कंबरेचा भाग नारिंगी झाक मारतो. आखूड शेपटीचं दिसलं तर फोटो, जागा आणि तारीख वनविभागाला कळवा.